एक्सएमएल फाइलींवर चालणारा छोटा सीएमएस स्वतः कसा बनवायचा

साइट छोटी आहे, लेख टाकणारी माणसं दोन-तीन आहेत, वाचणारे भरपूर, आणि महिन्याला फार तर चार-पाच लेख वाढणार, अशा साइटच्या सीएमएसला (लेख लिहून साइटवर चढवायच्या सॉफ्टवेअरला) डेटाबेस लागतोच असं काही नाही. एक लेख म्हणजे एक एक्सएमएल फाइल (टॅगांमध्ये मजकूर लिहिलेली साधी टेक्स्ट फाइल), सगळ्या फाइली एका फोल्डरात, आणि त्या वाचून पान दाखवणारा थोडासा कोड, एवढ्यात काम भागतं. साइट दुसऱ्या होस्टिंगवर हलवायची झाली तर फोल्डर कॉपी केला की झालं. गेटसिंपल नावाचा पीएचपीतला सीएमएस असाच चालतो, पानं सगळी एक्सएमएल फाइलींत, मायएसक्यूएल वगैरे भानगडच नाही.

फक्त एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. असं काही बनवायला बसलं की सगळा वेळ टॅग कुठले ठेवायचे, स्कीमा (फाइलची रचना) कसा करायचा यातच जातो, आणि फाइल लिहिण्याचा कोड शेवटी दोन ओळीत उरकला जातो. नेमकं उलटं करायला पाहिजे. वाचायचा भाग कसाही लिहिला तरी चालून जातो हो, बिघडला तर पान दिसणार नाही, दुरुस्त करू. लिहिताना गडबड झाली तर लेखच गेला. त्यामुळे खाली जतन करण्यावर जरा जास्तच बोललोय आणि बाकीचं भरभर उरकलंय.

सामान काय लागतं

मी पीएचपी धरून सांगतोय कारण ते जवळपास प्रत्येक स्वस्त होस्टिंगवर असतंच. पीएचपी ८ च्या पुढचं कुठलंही व्हर्जन घ्या, त्यात डॉम आणि सिंपलएक्सएमएल ही एक्सएमएल वाचण्या-लिहिण्याची एक्सटेन्शनं बहुतेक चालूच असतात (सिंपलएक्सएमएल तर २००४ च्या पीएचपी ५ पासून आहे). एमबीस्ट्रिंग आणि इंटल ही दोन मात्र चालू आहेत का ते मुद्दाम बघा, मराठी मजकुरासाठी पुढे लागणार आहेत. स्वतःच्या मशीनवर चालवून बघायला अपाची (वेब सर्व्हर) बसवायची गरज नाही, पीएचपीचा स्वतःचा बिल्ट-इन सर्व्हर असतो, टेस्टिंगपुरता तो पुरतो. पण तो फक्त टेस्टिंगला, खऱ्या साइटवर नाही. पायथनवाल्यांनी एलिमेंटट्री घेतली तरी चालेल, पुढचं लॉजिक तेच राहतं.

फोल्डर असे करा. एक "पब्लिक", ज्यात वेब सर्व्हर बघतो. त्याच्या शेजारी, आत नाही, शेजारी, एक "डेटा" फोल्डर. डेटाच्या आत "लेख", "जुने" आणि "कचरा" असे तीन. डेटा फोल्डर पब्लिकच्या आत ठेवून एचटीअॅक्सेस फाइलने बंद करणारे लोक खूप दिसतात, पण ती फाइल अपाची वाचतो, एनजिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. म्हणजे उद्या होस्टिंग बदललं की तुमचे सगळे ड्राफ्ट आणि पासवर्डची फाइल ब्राउजरमध्ये जशीच्या तशी उघडते, आणि हे लक्षातही येत नाही कारण साइट तर व्यवस्थित चालू असते. त्यापेक्षा बाहेरच ठेवा. आणि लिहिता येत नाही म्हणून परमिशन ७७७ (म्हणजे कोणालाही लिहायची मुभा) करून टाकू नका, वेब सर्व्हर ज्या युजरखाली चालतो त्याच्या मालकीचा फोल्डर करा.

एका लेखाची फाइल

अशी दिसेल:

```
<लेख क्रमांक="0042" आवृत्ती="3">
  <शीर्षक>कुंडीत टोमॅटो कसे लावायचे</शीर्षक>
  <लेखक>संपादक</लेखक>
  <स्थिती>प्रकाशित</स्थिती>
  <तारीख>2025-03-14 10:30</तारीख>
  <टॅग>बागकाम</टॅग>
  <टॅग>भाजीपाला</टॅग>
  <मजकूर>माती &amp; खत यांचं प्रमाण आधी ठरवा.

कुंडी &lt; 12 इंच असेल तर एकच रोप लावा.</मजकूर>
</लेख>
```

सगळ्यात वर डिक्लरेशनची ओळ येते, व्हर्जन १.० आणि एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) यूटीएफ-८ सांगणारी, ती इथे गाळलीय. नियमाने ती नसली तरी पार्सर (फाइल वाचून टॅग आणि मजकूर सुटे करणारा कोड) यूटीएफ-८ च धरतो. पण डॉमडॉक्युमेंट बनवताना एन्कोडिंग दिलं नाही तर सेव्ह केल्यावर फाइलीत मराठी अक्षरांच्या जागी "&#" ने सुरू होणारे कोड दिसायला लागतात. पार्सर ते परत बरोबर वाचतो, साइटवर काही फरक दिसत नाही, पण फाइल डोळ्यांनी वाचता येत नाही आणि मग एक्सएमएल ठेवण्यातली अर्धी मजा गेली. म्हणून डॉक्युमेंट बनवतानाच यूटीएफ-८ द्या.

टॅगची नावं मराठीत बघून दचकू नका, चालतात. एक्सएमएल १.० फेब्रुवारी १९९८ मध्ये आलं तेव्हापासून देवनागरी अक्षरं टॅगच्या नावात वापरायला परवानगी आहे. आणि पीएचपीत सिंपलएक्सएमएलच्या ऑब्जेक्टवर बाण लावून पुढे थेट "शीर्षक" लिहिलं तरी ते चालतं. फक्त जोडाक्षरासाठी लागणारा तो न दिसणारा झेडडब्ल्यूजे कॅरेक्टर टॅगच्या नावात येऊ देऊ नका, २००८ च्या पाचव्या आवृत्तीपासून तो चालतो, पण आधीच्या नियमांवर चालणारा एखादा जुना पार्सर भेटला तर तो फाइलच नाकारतो. टीममध्ये मराठी न वाचणारं कोणी असेल तर मुकाट्याने इंग्रजी नावं ठेवा, यात अस्मितेचा प्रश्न काही नाही.

आकड्यांचं मात्र नीट ऐका. क्रमांक, आवृत्ती, तारीख हे फाइलीत इंग्रजी आकड्यांतच ठेवायचं. "४२" हे पीएचपीला आकडा म्हणून कळत नाही, इंटिजर करायला गेलात की शून्य मिळतं, आणि एक्सपाथमध्येही (एक्सएमएलमधून हवं ते शोधायची भाषा) तेच रडगाणं. वाचकाला दाखवताना हवं तर देवनागरी करा, दहा आकड्यांची अदलाबदल आहे, एका ओळीचं काम. तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहायची आणि शून्य गाळायचं नाही, म्हणजे साधं अक्षरांचं सॉर्टिंग लावलं तरी तारखेनुसार बरोबर क्रम लागतो.

मजकूर कसा ठेवायचा यावर दोन मतं आहेत. काही जण एचटीएमएल खऱ्या टॅगांसकट एक्सएमएलच्या पोटात घालतात, म्हणजे पॅरेग्राफ, बोल्ड, सगळं झाडाचा भाग. दिसायला छान, पण एडिटरने एक टॅग उघडा सोडला की अख्खी फाइल पार्स होत नाही. वर एचटीएमएलमधली नॉन-ब्रेकिंग स्पेसची एंटिटी (चिन्हाऐवजी लिहायचा कोड) एक्सएमएलला माहीतच नाही, एक्सएमएलला जन्मजात पाचच एंटिटी कळतात: अँपरसँड, लहान-मोठ्याच्या दोन खुणा, आणि दोन प्रकारची अवतरणं. त्यामुळे माझं मत सरळ आहे, मजकूर मार्कडाउनमध्ये (साध्या खुणांनी ठळक, मथळे दाखवायची पद्धत) घ्या आणि साधा टेक्स्ट म्हणून ठेवा, एचटीएमएल पान दाखवताना तयार करा. सीडेटात (आतला मजकूर टॅग न समजता जसाच्या तसा धरायचं वेष्टन) गुंडाळून ठेवणारेही आहेत, त्याने फाइल वाचायला बरी दिसते एवढंच, सुरक्षितता काही वाढत नाही, आणि मजकुरात चुकून दोन चौकटी कंस आणि त्यापुढे मोठ्याची खूण आली की सीडेटा तिथेच संपतो.

फाइल स्ट्रिंगा जोडून जोडून कधीच बनवू नका. डॉमने एलिमेंट तयार करा, त्यात टेक्स्ट नोड घाला, एस्केपिंग (खास खुणांच्या जागी त्यांचे कोड घालणं) आपोआप होतं. सिंपलएक्सएमएल वापरत असाल तर त्याच्या अॅडचाइल्डमध्ये एक खोच आहे, लहान-मोठ्याच्या खुणा ते एस्केप करतं पण अँपरसँड करत नाही, म्हणजे शीर्षकात "&" आला की वॉर्निंग येते आणि मजकूर तिथून पुढे गायब. वाचायला सिंपलएक्सएमएल, लिहायला डॉम, अशी विभागणी बरी पडते.

जतन करणं: सगळं एकाच फंक्शनमधून

आता मुख्य भाग. अख्ख्या प्रोजेक्टमध्ये डेटा फोल्डरात लिहिणारं फंक्शन एकच असू द्या. नवीन लेख, दुरुस्ती, स्थिती बदलणं, डिलीट करणं, सगळं तिथूनच गेलं पाहिजे. कुठल्या तरी कोपऱ्यात "एवढंच तर बदलायचंय" म्हणून थेट फाइल लिहिलीत तर खालचं सगळं कुलूपबंद प्रकरण फुकट.

साधा मार्ग असा असतो की फाइल उघडली, बदलली, त्याच नावाने सेव्ह केली. यात तीन ठिकाणी वाट लागू शकते. सेव्ह करताना फाइल आधी रिकामी होते आणि मग भरत जाते, तेवढ्यात कोणी वाचायला आलं तर त्याला अर्धी फाइल मिळते आणि पार्स एरर. दुसरं, मधेच प्रोसेस मेली किंवा डिस्क भरली तर ती अर्धी फाइल तशीच कायमची राहते. आणि तिसरं, सगळ्यात छुपं: दोघांनी तोच लेख एकाच वेळी एडिटला उघडला, पहिल्याने सेव्ह केलं, दुसऱ्याने पाच मिनिटांनी सेव्ह केलं, पहिल्याचं काम गुपचूप गेलं, कुठेही एरर नाही, लॉगमध्ये काही नाही.

या तिन्हींवर उपाय असलेलं फंक्शन साध्या भाषेत लिहितो, कोड तुम्ही करालच:

```
लेख_जतन_करा (क्रमांक, नवा_मजकूर, फॉर्ममधली_आवृत्ती)
    कुलूप फाइल उघडा, एक्सक्लुझिव्ह लॉक घ्या
    डिस्कवरची सध्याची फाइल आत्ता वाचा
    तिची आवृत्ती फॉर्ममधल्या आवृत्तीशी जुळत नसेल तर
        लॉक सोडा, "मधे कोणीतरी बदल केलाय" सांगा, थांबा
    सध्याच्या फाइलची प्रत "जुने" मध्ये ठेवा
    नवीन डॉक्युमेंट बनवा, आवृत्ती एकने वाढवा
    त्याच फोल्डरात टेम्पररी नावाने लिहा
    टेम्पररी फाइल परत पार्स करून बघा
    रीनेम करून मूळ नावावर आणा
    यादीची फाइल नव्याने बनवा
    लॉक सोडा
```

रीनेम का, तर लिनक्सवर एकाच फाइलसिस्टममध्ये रीनेम हे अॅटॉमिक असतं, वाचणाऱ्याला एक तर पूर्ण जुनी फाइल मिळते नाही तर पूर्ण नवी, मधलं काही नाही. "एकाच फाइलसिस्टममध्ये" हे महत्त्वाचं आहे, टेम्पररी फाइल सिस्टमच्या टेम्प फोल्डरात लिहिलीत आणि तो वेगळ्या पार्टिशनवर निघाला तर रीनेमच्या पोटात कॉपी होते आणि आपण परत होतो तिथेच. म्हणून टेम्पररी फाइल शेजारीच, लेख फोल्डरातच लिहा.

लॉकसाठी वेगळी रिकामी फाइल ठेवायची, लेखाच्या फाइलवरच एफलॉक (पीएचपीच्या फंक्शनचा लॉक) लावायचा नाही. हे बऱ्याच ट्यूटोरियलमध्ये चुकीचं सांगतात. लॉक बसतो तो नावावर नाही, उघडलेल्या फाइलवर. पहिल्याने लॉक घेऊन रीनेम केलं की त्या नावाखाली वेगळीच फाइल आलेली असते, आणि रांगेत थांबलेला दुसरा मात्र जुन्या, आता बेवारस झालेल्या फाइलचा लॉक मिळाला म्हणून खूश होऊन पुढे जातो. तेवढ्यात तिसरा येऊन नव्या फाइलचा लॉक घेतो, आणि दोघेही एकाच वेळी लिहितात. कुलूप फाइल कधीच रीनेम होत नाही, कधीच डिलीट होत नाही, म्हणून तिच्यावर भरवसा. सगळ्या साइटला एकच कुलूप पुरतं, लेखागणिक वेगळं करायच्या फंदात पडू नका, दोन-तीन लेखकांना त्याने काडीचाही फरक पडत नाही. आणि एफलॉक लिनक्सवर सल्लावजा असतो, म्हणजे जो कोड लॉक मागतच नाही त्याला तो अडवत नाही, म्हणूनच वर म्हटलं की लिहिणारं फंक्शन एकच पाहिजे. डेटा नेटवर्क ड्राइव्हवर असेल तर या लॉकवर विसंबू नका.

आवृत्तीचा आकडा एडिट फॉर्ममध्ये हिडन फील्ड म्हणून पाठवायचा, सेव्ह करताना तो परत येतो आणि डिस्कवरच्या आकड्याशी ताडून बघायचा. आणि जुळलं नाही म्हणून त्या माणसाने टाइप केलेला मजकूर फेकून देऊ नका! फॉर्म तसाच परत दाखवा, वर सूचना, खाली सध्या सेव्ह असलेला मजकूर, म्हणजे तो स्वतः जुळवून घेईल.

नवीन लेखाचा क्रमांकही लॉक घेतल्यावरच ठरवायचा. लेख, जुने आणि कचरा हे तिन्ही फोल्डर बघून सगळ्यात मोठा क्रमांक शोधा, त्यात एक मिळवा. फक्त लेख फोल्डर बघितलात तर डिलीट केलेल्या लेखाचा क्रमांक दुसऱ्याला जातो आणि बाहेरच्या जुन्या लिंकवर भलताच लेख उघडतो. डिलीट म्हणजे अनलिंक (फाइल कायमची पुसणं) नाही, रीनेम करून कचऱ्यात टाकणं. कोणीतरी कधीतरी "तो लेख परत आणता येईल का" म्हणून विचारतंच.

लिहिलेले बाइट आणि लिहायचे बाइट जुळतात का तेही बघा, डिस्क भरली की नेमकं इथेच कळतं. आणि टेम्पररी फाइल परत पार्स करायची पायरी वेळखाऊ वाटेल, पण लेख काही सेकंदाला शंभर सेव्ह होत नाहीत, काही मिलिसेकंद गेले तर गेले.

सेव्ह झालं की ब्राउजरला रीडायरेक्ट करा, नुसतं "झालं" असं पान दाखवू नका, नाही तर रिफ्रेश मारला की फॉर्म परत जातो.

वाचणं आणि यादी

एकच लेख दाखवायचा तर फाइल उघडा आणि दाखवा. क्रमांक यूआरएलमधून येतो, त्यात फक्त आकडे आहेत हे तपासल्याशिवाय फाइलच्या नावात घालू नका, नाही तर कोणी टिंब टिंब स्लॅश देऊन भलत्या फोल्डरात फिरून येईल. यूआरएलमध्ये मराठी शीर्षक हवं असेल तर क्रमांकाच्या पुढे शोभेला लावा, फाइल शोधायची ती क्रमांकावरूनच.

होमपेजसाठी दर वेळी सगळ्या फाइली उघडणं शंभर लेखांपर्यंत कळणारही नाही, पुढे पुढे मात्र जाणवतं. देवनागरीचं एक कॅरेक्टर यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, म्हणजे हजार शब्दांचा लेख सहज १५-२० केबी होतो, पाचशे लेख म्हणजे १० एमबीच्या आसपास, आणि डॉम मेमरीत फाइलच्या कितीतरी पट जागा घेतो. म्हणून एक यादीची फाइल: क्रमांक, शीर्षक, तारीख, स्थिती, टॅग, आणि दोन ओळींचा सारांश. ही फाइल लेखांवरून तयार होते, तिच्यात स्वतःचं असं काही नसतं, कधीही डिलीट करून परत बनवता आली पाहिजे. अॅडमिनमध्ये "यादी पुन्हा बनवा" असं बटण द्याच. यादी बनवताना एखादी फाइल पार्स झाली नाही तर सगळं थांबवू नका, ती गाळा आणि तिचं नाव अॅडमिनला लाल रंगात दाखवा. यादीही तशीच टेम्पररी आणि रीनेम करूनच लिहायची, हे वेगळं सांगायला नको.

यादीवर एक्सपाथ चालवायला मजा येते. उदाहरणार्थ

```
/यादी/लेख[स्थिती='प्रकाशित'][टॅग='बागकाम']
```

एवढ्यात फिल्टर झालं. पण "बागकाम" हा शब्द यूआरएलमधून घेऊन असाच स्ट्रिंगमध्ये चिकटवलात तर एसक्यूएल इंजेक्शनसारखंच इंजेक्शन इथेही होतं, कोणी एक अवतरण चिन्ह घालून अट उघडी केली की ड्राफ्टसुद्धा बाहेर. एक्सपाथ १.० मध्ये अवतरण एस्केप करायची सोयच नाही. त्यामुळे बाहेरून आलेली किंमत एक्सपाथमध्ये घालूच नका, प्रकाशित लेख एक्सपाथने काढा आणि टॅगची तुलना पीएचपीच्या लूपमध्ये करा.

बाहेरची एक्सएमएल इंपोर्ट करायची सोय देणार असाल तर एक्स्टर्नल एंटिटीचा धोका माहीत असू द्या, फाइलमध्येच "सर्व्हरवरची अमुक फाइल इथे आणून चिकटव" असं लिहिता येतं. पीएचपीच्या खाली चालणारी लिबएक्सएमएल लायब्ररी २.९ पासून हे आपणहून करत नाही, पण तिचा "नोएंट" नावाचा फ्लॅग आहे, नावावरून वाटतं एंटिटी बंद होतील, होतं नेमकं उलटं, चालू होतात. तो फ्लॅग देऊ नका, आणि डॉकटाइप (जिथे एंटिटी जाहीर करता येतात तो भाग) असलेली फाइल सरळ नाकारा, आपल्या लेखांना डॉकटाइपची गरजच नाही.

मराठी मजकुराचे खास प्रॉब्लेम

सेव्ह करण्याआधी मजकूर एका चाळणीतून काढा. ब्राउजरचा टेक्स्टएरिया ओळीच्या शेवटी दोन कॅरेक्टर पाठवतो, त्यातलं पहिलं डॉम "&#13;" असं लिहून ठेवतो, म्हणजे फाइल उघडली की प्रत्येक ओळीच्या शेपटीला हे लोंबकळतंय. आधीच दोघांचं एक करून टाका. वर्डमधून पेस्ट केलेल्या मजकुरात कधीकधी व्हर्टिकल टॅबसारखे कंट्रोल कॅरेक्टर असतात, टॅब आणि ओळ बदलणारे दोन सोडून असले कॅरेक्टर एक्सएमएल १.० मध्ये चालतच नाहीत, एस्केप करूनही नाही. काढून टाका, नाही तर वरची परत पार्स करून बघायची पायरी लेख सेव्हच होऊ देणार नाही आणि लिहिणाऱ्याला कळणार नाही नक्की काय चुकलं.

मग "ऱ". शेतकऱ्यांना, दुसऱ्या, वाऱ्यावर, हे शब्द वेगवेगळ्या कीबोर्डवर वेगवेगळे टाइप होतात. कुठे "ऱ" हे एकच कॅरेक्टर असतं, कुठे "र" आणि नुक्ता, कुठे "र", हलंत आणि झेडडब्ल्यूजे. डोळ्यांना सगळं सारखं, सर्चला मात्र वेगळे शब्द. इंटलमधला नॉर्मलायझर एनएफसीमध्ये (सुटे कॅरेक्टर जोडून एक करायची पद्धत) लावला की पहिले दोन एक होतात, तिसरा प्रकार होत नाही, त्याच्यासाठी स्वतः एक रिप्लेस लिहावा लागतो. सेव्ह करताना मजकुरावर आणि शोधताना शोधशब्दावर, दोन्हीकडे हेच फंक्शन चालवा. काही शे लेखांच्या साइटला यापेक्षा मोठं सर्च इंजिन लागत नाही, सरळ मजकुरात शब्द सापडतो का बघायचं.

सारांश कापताना साधं सबस्ट्रिंग फंक्शन वापरलंत तर ते बाइट मोजतं, अक्षराच्या मधोमध कापतं आणि शेवटी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह येतं. एमबीवालं वापरलं तरी जोडाक्षर तुटतंच, "पुस्तक" मधलं "पुस्" एवढंच उरतं. सोपा उपाय, साधारण दोनशे कॅरेक्टरच्या मागची शेवटची मोकळी जागा शोधा आणि तिथे कापा. शीर्षकांची अकारविल्हे यादी हवी असेल तर इंटलचा कोलेटर (भाषेनुसार क्रम लावणारा) मराठी लोकेल देऊन वापरा.

लॉगिन, टेम्प्लेट, फोटो

हे भरभर. युजरची फाइल वेगळी ठेवा, पासवर्ड हॅश आणि पासवर्ड व्हेरिफाय ही पीएचपीची तयार फंक्शनं वापरा, स्वतःची हॅशिंगची शक्कल लढवू नका. लॉगिन झाल्यावर सेशन आयडी नवीन करा, प्रत्येक अॅडमिन फॉर्ममध्ये सीएसआरएफ टोकन (फॉर्म आपल्याच साइटवरून आलाय याची खूण) घाला. डिलीट नुसत्या लिंकवर ठेवू नका, पोस्ट फॉर्मच पाहिजे.

पान दाखवताना शीर्षक, टॅग, लेखकाचं नाव, जे काही बाहेर छापताय ते एचटीएमएल स्पेशल चार्स या फंक्शनमधून काढूनच. "फाइलमध्ये आधीच एस्केप केलंय की" असं वाटतं, पण पार्सरने वाचताना ते उलगडलेलं असतं, तुमच्या हातात परत कच्चा मजकूर आहे. मार्कडाउनमध्येही कच्चं एचटीएमएल जाऊ शकतं, पार्सडाउन (मार्कडाउनचं एचटीएमएल करणारी लायब्ररी) वापरत असाल तर त्याचा सेफ मोड चालू करा.

टेम्प्लेटसाठी एक्सएमएल आहे म्हणून एक्सएसएलटी (एक्सएमएलवरून पान बनवायची भाषा) वापरायचा मोह होतो. पीएचपीत एक्सएसएलटी १.० मिळतं, ते १९९९ चं स्टँडर्ड आहे, चालतं, पण साध्या लूपला इतकं लिहावं लागतं की सहा महिन्यांनी स्वतःचाच कोड वाचवत नाही. ब्राउजरकडून करून घ्यायचा विचार तर सोडाच, क्रोमने ते काढून टाकणार असल्याचं २०२५ मध्ये जाहीर करून टाकलंय. साधी पीएचपीची टेम्प्लेट फाइल ठेवा.

फोटो बेस-६४ करून (म्हणजे साध्या अक्षरांत बदलून) एक्सएमएलमध्ये घालू नका, साइज एक तृतीयांशाने वाढते आणि प्रत्येक वाचनात ते ओझं. फोटो वेगळ्या फोल्डरात, नाव आपण द्यायचं, प्रकार फाइलच्या आतलं बघून ठरवायचा, एक्सटेन्शन बघून नाही, आणि त्या फोल्डरात पीएचपी चालणार नाही अशी सर्व्हरला सेटिंग.

बॅकअप आणि कधी थांबायचं

डेटा फोल्डर गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणारं सॉफ्टवेअर) ठेवला तर बॅकअप आणि इतिहास एकदमच मिळतो, आणि एक्सएमएल साधा टेक्स्ट असल्यामुळे काय बदललं ते ओळीनुसार दिसतं. त्यासाठी परिच्छेद वेगवेगळ्या ओळींवर ठेवा, अख्खा लेख एका ओळीत असेल तर एक काना बदलला तरी पूर्ण लेख बदलल्यासारखा दिसतो. युजरची फाइल मात्र गिटच्या बाहेर. क्रॉनने (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या प्रोग्रामने) रात्री कमिट करून बाहेरच्या सर्व्हरवर पुश करा. हे कमिटही कुलूप घेऊनच करायचं, नाही तर लेख नवा आणि यादी जुनी असा अर्धामुर्धा फोटो निघतो. तसा निघाला तरी यादी परत बनवता येतेच म्हणा.

कमेंट घ्यायच्या असतील, दर मिनिटाला कोणीतरी काहीतरी लिहिणार असेल, व्ह्यू मोजायचे असतील, तर ते या फाइलींत घालू नका. प्रत्येक वाचकामागे एक लिहिणं आलं की ते एकच कुलूप सगळ्यांना रांगेत उभं करतं. तिथे एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस घ्या, तोही एकच फाइल असतो, सर्व्हर लागत नाही. लेख एक्सएमएलमध्येच राहू द्या आणि कमेंट तेवढ्या तिकडे, असंही छान चालतं. पूर्ण हलवायचं ठरलंच तर वाचण्या-लिहिण्याचं सगळं एकाच ठिकाणी असल्यामुळे तेवढीच फंक्शनं बदलायची, टेम्प्लेटला हात लावावा लागत नाही.

साइट चालू करण्याआधी एकदा मुद्दाम करून बघा: दोन ब्राउजरमध्ये तोच लेख एडिटला उघडा, दोन्हीकडून सेव्ह करा, दुसऱ्याला सूचना आली पाहिजे. मग एक फाइल हाताने उघडून तिचा शेवटचा टॅग पुसा आणि होमपेज बघा, बाकीचे लेख दिसले पाहिजेत. आणि मग यादीची फाइल डिलीट करा, बटण दाबा.